पोळीवरचं तूप

आमच्या गंगापूर रोडच्या खाणावळीत मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला कुणाचा पाय लागू देत नसत. फक्त नामपूरचा तो बी.एस्सी.वाला सरळ आत जायचा. त्याला प्रॅक्टिकलला कापायला झुरळं लागत. "जित्तंच लागस, भाऊ," म्हणत तो पिठाच्या डब्यामागे हात घालायचा आणि मिशा हलवणारं झुरळ बाटलीत टाकून हसत बाहेर यायचा. बोटांना कायम फॉर्मालिनचा वास. तरी मावशी त्याच्याच पोळीवर तूप सोडत. मी बी.कॉम.ला होतो. ताळेबंद जुळवणाऱ्याचा त्यांच्या स्वयंपाकघराला काय उपयोग? माझी पोळी कोरडीच.

एकदा तो तापाने पडला. "उद्या प्रॅक्टिकल शे, भाऊ," एवढंच बोलून त्याने बाटली माझ्याकडे सरकवली.

मी डोळे मिटून डब्यामागे हात घातला आणि चांगलं धडधाकट झुरळ पकडलं. मावशी बघत होत्या. त्यांनी गरम पोळीवर चमचाभर तूप सोडलं आणि ताट माझ्या हातात दिलं. मी तिथेच पाट ओढला.

"बसतोस काय?" मावशी म्हणाल्या. "त्याला नेऊन दे. आमची झुरळं धरून धरूनच आजारी पडला बिचारा."