आत्याची सरकी आणि माझ्या लाटा

उभ्या जन्मात समुद्र न पाहिलेली एक बाई समुद्राच्या लाटांचा अंदाज सांगून पोट भरत होती. ती बाई म्हणजे मी. हसा, हसण्यासारखंच आहे. यवतमाळला घरी बसून कम्प्युटरवर काम चालायचं. समुद्रात तरंगत ठेवलेल्या यंत्रांचे आणि वाऱ्याचे आकडे यायचे, ते मॉडेलमध्ये घालायचे, आणि परवा सकाळी किनाऱ्यावर केवढी लाट येईल ते कळवायचं. कोणाला? तर फळीवर उभं राहून लाटांवरून घसरत येणाऱ्या हौशी लोकांना.

हे शेवटचं मी घरच्यांना कधी सांगितलंच नाही. 'हवामानात आहे' एवढंच म्हणायची. कापसाची ती वाईट वर्षं. गणगोतात ज्याचा त्याचा जीव वावरात अडकलेला, आणि मी फळीवाल्यांची चाकरी करते हे कोणत्या तोंडानं सांगू?

मुकुटबनच्या आत्याला वाटायचं, भाची पाऊसच मोजते. एका जूनमध्ये तिचा फोन आला.

"काय वं माय, तुहा कम्प्युटर काय म्हन्ते? पानी कवा येते? धूळपेरणी करून टाकू का थांबू?"

धूळपेरणी म्हणजे पावसाच्या भरवशावर कोरड्या मातीतच सरकी टोबायची. पाऊस वेळेवर आला तर ठीक, नाही तर बी मातीत.

स्क्रीनवर त्या दिवशी मोठ्या लाटा दिसत होत्या. त्या पार दक्षिणेकडे, हजारो कोसांवरच्या वादळानं उठवलेल्या. मुकुटबनच्या पावसाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. खोटं कायले बोलू, मला ते पक्कं ठाऊक होतं! पण "आत्या, मले पावसातलं काही समजत नाही" एवढं काही जिभेवर येईना. म्हणाले, "समुद्र खवळून राह्यला, आत्या. चार दिवसांत येते पानी. टाक."

"मंग ठरलं," ती म्हणाली. "टीव्हीवाल्याचा मले भरोसा नाही. तुहा आहे."

तिनं बाया लावून दोन दिवसांत अख्खं वावर टोबलं. पुढे एक हलकी सर आली, कोंब वर आले. आत्यानं फोनवर तोंडभर आशीर्वाद दिला आणि मी तो निर्लज्जपणे घेतला. मग आभाळ जे कोरडं पडलं ते पंधरा दिवस. कोंब जागच्या जागी जळाले.

मधल्या काळात किनाऱ्यावरून निरोप आला होता. अंदाज तंतोतंत, लाटा सांगितल्या वेळी आल्या, मजा आली. मी तो दोनदा वाचला. खूशही झाले होते, आणि त्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

शेवटी हिंमत करून मुकुटबनला गेले. आत्या पुन्हा सरकी टोबत होती, या खेपेला एकटीच. मी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं, फळीवाल्यांसकट. वाटलं, आता थोबाडीत बसते. बसली असती तर बरं झालं असतं.

तिनं मूठ ओच्यात रिकामी केली आणि विचारलं, "तुह्या लाटा तरी आल्या ना वं?"

"आल्या."

"मंग बरं झालं, माय. तुह्या नोकरीले तं काही धक्का नाही लागला," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकून सरकी टोबू लागली.