लांबचा नंबर

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या मावशीच्या नवऱ्याला उडवून एक मोटार पळाली. मागच्या टॅक्सीतल्या कॅमेऱ्यात मोटार दिसत होती, नंबर मात्र पुसट. नवरा वाचला, पण पाय अधू झाला.

मावशीने हातपाय गाळले नाहीत. लांबचं जवळ दाखवणारी जुनी लेन्स तिने डॅशबोर्डवरच्या कॅमेऱ्याला बसवून पाहिली. पुढच्या चौकातल्या गाडीचा नंबर लख्ख दिसला. टॅक्सीवाल्यांची रीघ लागली.

एकदा नवरा काठी टेकत आला आणि कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत म्हणाला, “लांबचं झकास दिसतंय गं. पण दोन्ही कडा कापल्या गेल्यात; माझ्यासारखा कडेने रस्ता ओलांडणारा यात दिसायचाच नाही.”

त्यानंतर मावशी प्रत्येक गाडीत जुना कॅमेरा तसाच ठेवून लेन्सवाला दुसरा बसवू लागली.