न उघडलेलं इंजिन

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. मनातल्या मनात सांगायला घेतलं तरी अर्ध्या वाक्यावर थांबतो. आज तुम्हाला सांगतो आहे — का, ते माझं मलाही कळलेलं नाही.

स्वारगेटच्या मागच्या अंगाला माझं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. मांजरी गावच्या एका शेठचा जुना ट्रक माझ्याकडे यायचा. तो चालवायचे दत्तोबा. मूळचे धायरीचे — धायरी खरोखरच गाव होतं तेव्हापासूनचे. बावीस वर्षं तीच एक गाडी. रोज सकाळी चावी लावण्याआधी ऑइलची काडी बाहेर काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. मगच गाडी सुरू. मी गमतीने म्हणायचो, दत्तोबा, एवढी नाडी तर डॉक्टरही बघत नाहीत. ते नुसते हसायचे.

त्या ट्रकचं ऑइल मी बदललं होतं. जुनं ऑइल सोडायला इंजिनाच्या तळाचा बोल्ट काढतात. तो मी परत हाताने बसवला, पान्याने आवळणार — तेवढ्यात फोन आला. कोणाचा? तेसुद्धा आठवत नाही. बोलून झालं, नवं ऑइल भरलं, गाडी देऊन टाकली. हाताने बसवलेला बोल्ट हादऱ्यांनी सुटत जातो. पंधरा दिवस टिकला.

पंधराव्या दिवशी दुपारी दत्तोबांचा फोन. "मिस्त्री, कात्रजच्या चढाला आइलचा लाल दिवा लागला. लागल्याबरूबर गाडी बाजूला घेतली. पर बंद व्हता व्हता इंजन खडखडलं."

मी स्कूटरवर गेलो. त्यांनी चाकांना दगड लावले होते, मागे रस्त्यावर फांद्या टाकून ठेवल्या होत्या. मला घाम फुटलेला बघून म्हणाले, उन्हातनं आलाय, च्या आणतो. ते टपरीकडे गेले आणि मी गाडीखाली शिरलो.

बोल्ट नव्हता.

माझ्या पिशवीत तसाच दुसरा होता. तो बसवला — या वेळी पान्याने, व्यवस्थित. मग बाहेर आलो आणि त्यांनी आणलेला चहा प्यायलो. हो, प्यायलो.

गाडी ओढून गॅरेजवर आणली. शेठ आले. प्रश्न एवढाच होता — हे इंजिन उघडून दुरुस्त करायचं, की काढून दुसरं बसवायचं? शेठचं काही ठरत नव्हतं. दत्तोबा मात्र ठाम होते. "उघडा. दिवा लागल्यावर म्या गाडी रेटली आसंल, तर आत समदं जळल्यालं दिसंल. न्हाईतर न्हाई."

बरोबर बोलत होते ते. गाडी त्यांनी लगेच थांबवली होती. आत थोडंच बिघडलेलं असणार, दुरुस्त होण्यासारखं. हे मला त्या दोघांपेक्षा जास्त कळत होतं. पण ते दिसलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता — मग एकाएकी सगळं ऑइल गेलं कुठे?

मी म्हणालो, "उघडण्यात अर्थ नाही, शेठ. यात आता काही राहिलेलं नाही. दुसरं बसवू."

शेठनी विचारलं, झालं कशामुळे? इथे तरी थांबता आलं असतं. नाही का? माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "जुनं इंजिन ऑइल पितंच. काडी बघायची राहून गेली असेल. आणि दिवा लागल्यावरही चढ संपेपर्यंत चालवली असणार."

दत्तोबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे — माझा काही गैरसमज झालाय, असं समजून. "बघितली व्हती, मिस्त्री," एवढंच म्हणाले.

शेठनी त्यांना त्याच आठवड्यात काढलं. इंजिन जाळणारा ड्रायव्हर, असं नाव झालं; पुन्हा कोणी गाडी हातात दिली नाही. ते इंजिन मी स्वतः उभा राहून भंगारात घातलं. न उघडता.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? शेठ चार शब्द बोलले असते. दत्तोबा तर बोललेही नसते. एवढ्यासाठी —

सहा-सात वर्षांनी धायरीत एका सोसायटीत कामासाठी गेलो होतो. निघताना वॉचमनने हाक मारली. दत्तोबा. खूप वाळले होते. मुलाबाळांची चौकशी केली. मग जरा थांबून, खाली बघत म्हणाले, "मिस्त्री, येवढी वर्सं इचार करतोय. काडी बघितल्याचं आठवतंय मला. पर रोजच बघायचो ना — त्या दिशीची का आदल्या दिशीची, काय सांगावं? ऱ्हायलीच आसंल. तुमी तर जाणकार मानूस. उगाच कशाला म्हनाल?"

ते माझ्यासमोर उभे होते. आसपास कोणी नव्हतं. गॅरेज तोवर मी बंदही केलं होतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माफ केल्यासारखं म्हणालो, "होतं असं, दत्तोबा. मनाला लावून घेऊ नका."

त्यांना बरं वाटलं. गेल्या वर्षी ते वारले.