शेवटचा सात

हरी बापट सरांनी आमच्या गावच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. दर वर्षी पहिल्या तासाला ते फळ्यावर एकच संख्या लिहीत: ७३९३९१३३. मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, याखेरीज कशानेच तिला पूर्ण भाग जात नाही. मग सर उजवीकडून एकेक अंक तळहाताने पुसत जात. उरेल ती संख्याही मूळच. शेवटी फळ्यावर एकटा सात राही आणि सरांचा तळवा पांढराफटक.

"शेवटून कितीही कापा, तिचा स्वभाव बदलत नाही," सर म्हणत. "पण शेवटी एक अंक जोडा, कुठलाही. नासलीच!"

निवृत्तीच्या वेळी त्यांनी शाल-श्रीफळ नको म्हटलं. शाळेच्या नव्या दारापाशी ही संख्या कोरा, एवढंच मागितलं. माजी विद्यार्थ्यांचा अध्यक्ष यशोधन अलिबागला बंगले बांधून विकतो. तो लगेच "हो" म्हणाला.

समारंभाच्या सकाळी शाळेची झाडलोट करणारी शकूताई दारापुढचं अंगण सारवून नुकती उठली होती. पेढे उन्हात पाघळत होते. यशोधनने पाटीवरचा पडदा ओढला. संगमरवरात सोनेरी अंक. टाळ्या वाजल्या, आणि सरांचा चेहरा आंबलेल्या ताकाचा घोट तोंडात आल्यासारखा झाला.

"शेवटी हा सात कुठून आला रे?"

"सरप्राइज, सर! अंकशास्त्रींना दाखवलं होतं. तुमच्या आकड्यांची बेरीज अडतीस, म्हणजे अकरा, म्हणजे दोन. दोन शाळेला जड. सात जोडला की पंचेचाळीस. चार नि पाच नऊ. एकदम शुभ!"

"बेरीज नऊ आली म्हणजे संख्येला नवाने भाग जातो. माझ्याच वर्गात होतास ना?"

"जाऊ दे ना सर. भाग गेला तर कुणाचं काय बिघडतंय? दिसायला तर छान दिसतेय."

लोक हसले. कुणीतरी पेढा माझ्या हातात कोंबला. बोटांना चिकटलेला तो गोड लगदा मला तोंडाजवळही नेववेना. त्या सोनेरी अंकांवरूनही तसाच ओशट गोडवा ओघळतोय असं वाटत होतं.

सर वळले. कोपऱ्यातल्या शकूताईच्या बादलीपाशी गेले आणि वाकून आत हात घातला.

"अवो सर, शेण हाय त्यात!"

"ठाऊक आहे गं. त्या पाटीवर याहून घाण आहे."

मूठभर शेण त्यांनी शेवटच्या सातावर थापलं, तळव्याने नीट सारवलं. चार बोटं सोन्यावरून फिरली. सात दिसेनासा झाला.

"सर, मार्बल आहे तो!" यशोधन ओरडला.

सर दोन पावलं मागे सरले. उरलेले अंक डावीकडून उजवीकडे हळू आवाजात वाचले. शकूताई तांब्या घेऊन धावली. "हात धुवा आधी."

"थांब," सर पाटीकडे बघत म्हणाले. "आधी ते वाळू दे."