टेलवरचं घर

"येतंय का तुमच्याकडं?"

वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले की त्यांचा पहिला प्रश्न हा. आपल्याकडे कुठल्याही बिल्डिंगीत हा प्रश्न पाण्याबद्दल असतो, हे तुम्हालाही माहीत आहे. मीही पहिल्यांदा सवयीनं सांगून टाकलं, "येतंय की, सकाळपासून." त्यावर काका शांतपणे म्हणाले, "पाणी नाय ताई, नेट." आणि जिन्याच्या खिडकीतून जाणारी काळी वायर दोन बोटांत धरून, ती कुठून येते आणि कुठे जाते ते बघत उभे राहिले.

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. इंदिरानगरच्या टोकाला आमची चार मजल्यांची बिल्डिंग. पुढे मोकळे प्लॉट, त्यापुढे टोमॅटोची शेतं. काका तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. गाव कळवणकडचं. नोकरी पाटबंधारे खात्यात, पाटकरी म्हणून. म्हणजे पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी आणि किती वेळ सोडायचं ते बघणारा माणूस. तीसेक वर्षं कालव्याच्या भरावावरून सायकल चालवण्यात गेली. काकूंना जाऊन बराच काळ झाला होता.

अशा माणसाला महिन्याला हजार रुपयांचं नेट कशाला लागतं, हे कोडं सगळ्या बिल्डिंगीला पडलं होतं. पहिल्या मजल्यावर एक शेअरवाले राहायचे. त्यांची खात्री होती की काका गुपचूप शेअर खेळतात. त्यांच्या बायकोला आणखी काही वेगळं वाटत असावं, पण ती नुसत्या भुवया उडवायची. मला चौकशा करायची खोड आहे, ती मी लपवत नाही. मी सरळ काकांनाच विचारलं.

"रविवारी नऊला वर या," ते म्हणाले. "दाखवतो."

गेले. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर जुना टॉवेल पांघरलेला. तो त्यांनी नीट घडी करून बाजूला ठेवला. वर लिंबाएवढा कॅमेरा. थोड्या वेळानं पडद्यावर एक बाई दिसू लागली, तिशीची असेल. ती काकांची लेक. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. बडोद्याला दिलेली, नवराही तसाच, दोघं तिथल्या एका छापखान्यात कामाला. ती बोलायची ती हातांनी, आणि तिच्या लहानपणीच तिच्याबरोबर काकाही ती भाषा शिकले होते.

"फोनचा मला काय उपयोग?" काका म्हणाले. "मोबाईलवर मेसेज येतो. पण मेसेज म्हणजे तार. त्यात ती हसली का रडली ते कळत नाय."

लेकीनं काहीतरी सांगायला हात वर केला आणि चित्र अडकलं. हात तसाच हवेत, तोंड अर्धं उघडं. काकांनी वाट पाहिली. चित्र हललं तेव्हा तिचं सांगून झालं होतं. काकांनी तळवा उलटा करून पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, पुन्हा अडकलं. तिसऱ्यांदा ती हसली आणि माशी उडवावी तसा हात उडवला.

"आता काय म्हणाली?" मी विचारलं.

"जाऊ द्या, म्हणाली. दर रविवारी तेवढंच नीट दिसतं."

चौकशी करायला गेले होते, ती तिथेच सोडून खाली आले.

आता तुम्ही म्हणाल, एक नेटवाला धड नसेल तर दुसरा बघावा. दुसरा होता कुठे? आमच्या भागात केबलवाला एकच. टीव्हीची वायर त्याची, नेटचीही त्याचीच. काका त्याच्या ऑफिसला निघाले तेव्हा मीही बरोबर गेले. मलाही भांडायचंच होतं. मी घरी बसून एका प्रकाशकासाठी टायपिंग करायची, आणि एक फाईल पाठवताना माझा अर्धा जीव जायचा. ऑफिस म्हणजे एक गाळा, काचेचं टेबल, देवाचा फोटो आणि उदबत्ती.

"दोनशे छप्पनच्या स्पीडचा प्लॅन म्हणता. येतं किती?" काकांनी विचारलं.

"काका, ते 'पर्यंत' असतं. दोनशे छप्पनपर्यंत."

"असं मी एखाद्या शेतकऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं मला पाटात ढकललं असतं."

केबलवाला हसला. माणूस वाईट नव्हता, निवांत होता. "जमत नसेल तर कनेक्शन काढून टाका, काका."

"मग कुणाचं घेऊ?"

"ते तुम्ही बघा."

आमच्या समोरचा रस्ता ओलांडला की दुसऱ्या केबलवाल्याचा भाग लागायचा. त्याचं नेट स्वस्त, आणि म्हणे पळायचंही बरं. रस्ता तीस फुटांचा. आम्ही त्याच्याकडेही गेलो. तो म्हणाला, "मी रस्ता ओलांडत नाही, तो ओलांडत नाही. आमचं ठरलंय." कुणाला विचारून ठरलंय, असं मी विचारलं, तर तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याच्या घरातलं काहीतरी खासगी विचारलं. फोनच्या लाईनवरून नेट मिळतं का विचारलं, तर टेलिफोनच्या ऑफिसात कळलं की एक्स्चेंज लांब पडतं, जागा शिल्लक नाही, अर्ज ठेवून जा. आम्ही ठेवला. तो अजून तिथेच असेल.

मी तणतणत घरी आले. काका मात्र तणतणले नाहीत. त्यांना वेगळीच उत्सुकता लागली होती. म्हणाले, "पाणी सुटतं कुठून आणि मरतं कुठं, ते आधी चालून बघू."

आणि खरंच निघाले. मंगळवारी सकाळी डोक्याला टोपी, हातात काठी, खांद्याला पाण्याची बाटली. मी मागे. केबलवाल्याच्या गाळ्यापासून त्यांनी वायर पकडली. वायर खांबावरून कडुनिंबावर, कडुनिंबावरून शिंप्याच्या पाटीला वळसा घालून एका गच्चीवर. मध्ये मध्ये पत्र्याचे डबे, प्रत्येक डब्यातून दहाबारा वायरी फुटलेल्या. एका जोडावर दुधाची पिशवी गुंडाळून रबर लावलेलं. ते बघून काका म्हणाले, "हे बरं केलं, पाणी झिरपायचं नाय." प्रत्येक डब्यापाशी थांबून ते शेजारच्या घराची बेल वाजवायचे आणि अनोळखी माणसाला विचारायचे, "येतंय का तुमच्याकडं?" सुरुवातीची घरं म्हणायची, एकदम मस्त. पुढची म्हणायची, बरं चालतं. त्यापुढची शिव्या द्यायला लागली. शेवटचा डबा आमच्याच गच्चीवर, टाकीला तारेनं बांधलेला.

काका टाकीच्या सावलीत बसले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"ताई, आपण टेलला हाय, पाटाच्या पार शेवटाला."

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"मला वाटलं वायरीत दोष हाय, नायतर माझ्या मशीनमधी. तसं नाय. आपली जागाच टेलची हाय. आणि टेलचं औषध मला येतं."

ते औषध म्हणजे शेजपाळी. पाटाला पाणी सुटलं की सगळ्यांनी एकदम घ्यायचं नाही, ओळीनं एकेकानं घ्यायचं. आणि सुरुवात करायची ती टेलपासून. शेवटच्या शेताला आधी, तोंडाशी असलेल्याला सर्वांत शेवटी, कारण तोंडाशी बसलेला कधी कोरडा राहत नाही. हे काकांनी मला गच्चीवर खडूनं चित्र काढून समजावलं. आमच्या शेवटच्या डब्यावर तीन बिल्डिंगींमधली मिळून चौदा घरं होती. काका बाकीच्या तेराही घरी गेले. प्रत्येक घरी त्यांनी लेकीबद्दल सांगितलं; मागणं मागितल्यासारखं नाही, ड्युटीवर असल्यासारखं. रविवारी नऊ ते दहा त्यांची पाळी, तेवढा तास बाकीच्यांनी मॉडेम बंद ठेवायचं. दहा ते अकरा माझी. शेअरवाल्यांना रोज सकाळी बाजार उघडताना अर्धा तास. असं सगळ्यांचं लिहून तो कागद त्यांनी मीटरच्या डब्याशेजारी चिकटवला. लोक हसले, पण नाही कुणीच म्हटलं नाही.

पहिल्या रविवारी शेजपाळी मोडली ती मी.

माझी फाईल साडेनऊपर्यंत पोचायला हवी होती. म्हटलं, चौदातलं एक घर चालू राहिलं तर काय बिघडतंय. सव्वानऊला काका दारात.

"ताई, कुठलं तरी गेट उघडं राहिलंय. तुमचं बघता का?"

"माझं बंद आहे," मी धडधडीत खोटं बोलले.

त्यांनी मान डोलावली आणि उरलेली घरं तपासायला गेले. गुडघे दुखणारा, साठी उलटलेला माणूस. त्यांच्या चपलांचा आवाज एक जिना उतरला, दुसरा चढला. मी ऐकत बसले. मग उठून मॉडेमची वायरच उपटली. फाईल अर्धीच गेली होती. दहाला दहा मिनिटं असताना काका परत आले, घामानं भिजलेले. जाताना माझ्या दारावर टकटक करून म्हणाले, "सुटलं बरं का." कुणाचं गेट होतं ते त्यांनी विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही. ज्या माणसानं जन्मभर पाणी चोरणाऱ्यांचे चेहरे पाहिले, त्याला माझा ओळखता आला नसेल, हे मी कितीही म्हटलं तरी मला पटत नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढची दोन वर्षं रविवारचा तो तास कुणी मोडला नाही. मी पोहे घेऊन वर जायची आणि कोपऱ्यात बसून बघायची. मला वाटायचं, हातांचं बोलणं शांत असेल. कसलं शांत! बापलेक भांडायचे, एकमेकांना तोडून बोलायचे, काका टेबल वाजवायचे. भाजीत मीठ किती घालायचं यावर एकदा पंचवीस मिनिटं गेली. मीही थोडं शिकले. चहा, जेवण, पाऊस, मीठ. लेकीनं हातांच्या भाषेत माझं नावही ठेवलं होतं: नाकाला बोट लावून ते पुढे खुपसायचं. काकांना त्याचा अर्थ सांगताना हसू आवरेना.

केबलवाल्याला या प्रकाराचा पत्ता लागला तेव्हा त्यानं काय केलं असेल? दर वाढवले. म्हणाला, तुमच्या टोकाकडून हल्ली एकही तक्रार नाही, म्हणजे सर्व्हिस उत्तम आहे. मी चिडून लाल झाले. काका म्हणाले, "आमच्या खात्यानं पण हेच केलं असतं."

तो उन्हाळ्यातला रविवार होता. काका सहाला दूध आणायला गेले, दुधाच्या बूथच्या पायरीवर टेकले आणि उठले नाहीत. साडेसातपर्यंत सगळं कळलं होतं. त्यांना घरी आणून बाहेरच्या खोलीत ठेवलं. कळवणला भावाला फोन झाला, तो निघाला. शेअरवाले हातात मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. "तिला मेसेज टाकू ना?"

मी नको म्हटलं. तिला ते असं वाचायला लागू नये, एवढंच मला सुचत होतं. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

पावणेनऊला मी आतल्या खोलीत जाऊन टॉवेल काढला. दारात शेजारी उभे. मॉडेम बंद करा असं मी कुणाला सांगितलं नव्हतं, माझ्या ध्यानातही नव्हतं. बाकीच्या सगळ्या घरांनी ती आपणहून बंद केली होती.

नऊला ती आली. हिरवी साडी, केस नुकतेच धुतलेले. चित्र इतकं स्वच्छ की तिच्या गळ्यातले काळे मणी मोजता आले असते. मला बघून ती हसली. मग मिशीवरून फिरवावं तसं ओठावर बोट फिरवलं आणि तळवा उलटा केला. बाबा कुठे?

मी दोन्ही हात वर उचलले. चहा येत होता, मीठ येत होतं, पाऊस येत होता. हे मला येत नव्हतं. हात तसेच राहिले.

तिला वाटलं, चित्र अडकलं. ती सवयीनं थांबली, हसतच, हात वर धरून. मग तिची नजर माझ्या मागे गेली. तिथे भिंतीवरचं कॅलेंडर पंख्याच्या वाऱ्यानं हलत होतं. ती ते बघत राहिली, आणि तिचा हात हळूहळू खाली आला.