हिरामणची हजेरीवही

हिरामण मला कधीच आवडला नाही. आता गावात त्याच्याबद्दल हळहळायची टूम निघाली आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. अठ्ठावीस वर्षं तो आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई होता. पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायची चावी त्याच्या कमरेला असायची, आणि ती तिथं आहे हे तो कुणाला विसरू देत नसे. त्याला उलट बोललं की दुसऱ्या दिवशी तुमच्या गल्लीत पाणी अर्धा तास उशिरा. सरपंचही त्याला 'हिरामणराव' म्हणायचे.

आमचं गाव चांदवडच्या बाजूचं, कांद्याचं. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. येतात सात, त्यातली दोन चहासाठी. मग उरलेली सभा हिरामण सायकलच्या कॅरिअरला बांधून घरोघर न्यायचा. हजेरीवही, दोन पेनं, शाईचा पॅड आणि बोटं पुसायला एक फडकं. कांद्याची लागण चालू असेल तर थेट वावरात यायचा. आपण चिखलाचे हात झटकायचे, तो वही पुढं धरून म्हणायचा, "इथं ठोका." आपण ठोकायचो. वर काय लिहिलंय हे कुणी वाचायचं नाही, कारण वर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसायचं. ठराव ग्रामसेवक नंतर सवडीनं लिहायचे. हिरामणची बायको कमळाबाई नाशिकला दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होती, तेव्हाही ती इथल्या सभेला हजर होती. वहीत तसं आहे. असला माणूस.

गेल्या जानेवारीत राज्याच्या वन्यजीव आराखड्याचा कागद आला. जनावरं कुठं राहतात, त्या जागा कशा राखायच्या, हे लोकांना विचारून ठरवायचं म्हणे. आमच्या गावामागं मोठा माळ आहे, तिथं लांडगे आहेत. कच्च्या आराखड्यात त्या सगळ्या माळावर बारमाही चराईबंदी होती. गावाला बदल हवा असेल तर ग्रामसभेनं तसा ठराव करायचा. नाही केला तर आहे तसं पक्कं.

आम्हा कांदेवाल्यांना त्या माळाचं काही पडलं नव्हतं. पडलं होतं ते मैनाबाईला. पासष्टीची विधवा बाई, चाळीस शेळ्या, जमीन गुंठाभरही नाही. तिचं सगळं त्या माळावर. लांडगा वर्षाला तिच्या दोन-तीन शेळ्या न्यायचा. मग ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडंच जायची. लांडग्याची बिळं कुठं, पिल्लं कधी होतात, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं. मार्गशीर्ष ते माघ, पिल्लं लहान असतात तोवर, बिळांकडची बाजू बंद करा. बाकीचा माळ उघडा ठेवा. शेळ्या गेल्या तर वेडी बाभूळ माजेल, मोकळा माळ बुजेल आणि लांडगासुद्धा टिकणार नाही.

सभेच्या दिवशी ती माझ्या वावरात कांदे लावायला होती. अकराला तिनं कंबर सरळ केली नि विचारलं, "गोरख, सभेला जाऊन येऊ का रे?"

मी म्हणालो, "मावशी, वाफे अर्धवट टाकू नको. हिरामण येईलच वही घेऊन. त्याला सांग, तो लिहून घेईल."

तो चारला आला. तिनं बांधावर उभं राहून त्याला सगळं सांगितलं, महिने बोटांवर मोजून दाखवले. तो मान डोलवत होता. "सांगतो ग्रामसेवकांना," म्हणाला, आणि तिचा अंगठा आपल्या हातात धरून पॅडवर दाबला. मग मीही सही केली. ठराव तेव्हाच टाईप होऊन पडला होता, हे आम्हाला एप्रिलमध्ये कळलं. 'आराखडा आहे तसा एकमताने मंजूर.'

कळलं तेव्हा मैनाबाई हिरामणच्या दारात गेली आणि जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. तो ओट्यावर मान खाली घालून बसला होता. मी कुंपणापाशी उभा होतो आणि मला बरं वाटत होतं.

आराखड्यावर नाशिकला सुनावणी लागली. गावातून सरपंच धरून आम्ही बावीस जण दोन जीपमध्ये गेलो. वही सांभाळणारा म्हणून हिरामणलाही नेलं. वाटेत त्याच्याशी कुणी बोललं नाही. मैनाबाईनं त्याच्याशेजारी बसायलाही नकार दिला.

हॉलमध्ये तिचा नंबर आला. माईक बाजूला सारून ती म्हणाली, "तुमचा लांडगा मी पोसला. माझ्या शेळ्या खाऊन मोठा झालाय तो. आता मलाच म्हणता माळावर येऊ नको?"

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई शांत होत्या. त्यांनी वहीची प्रत तिच्यापुढं धरली. "हा अंगठा तुमचाच ना? अनुक्रमांक सतरा. सभेत तुम्ही मंजुरी दिलीत."

"मी या हिरामणला सांगितलं व्हतं सगळं."

"इथं तसं काही नाही."

मागून कुणीतरी हसलं. तेव्हा हिरामण उठला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"सभा झालीच नाय, बाईसाहेब," तो म्हणाला. "सात माणसं व्हती. बाकीच्या सह्या मी दारोदार फिरून घेतल्या. मैनामावशीनं सांगितलेलं मी ग्रामसेवकांना सांगितलं, ते म्हणले आता कागद झाला. अठ्ठावीस वर्षं असंच करतोय मी."

आमचे सरपंच पांढरेफटक पडले. अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "याच्या एकट्याच्या बोलण्यावर मी ठराव रद्द करू शकत नाही. सभेला नसताना ज्यांनी सही केली, त्यांनी हात वर करा. निम्म्यांनी जरी केला तरी मी फेरसभा लावते."

आम्ही बावीस. सरपंच सोडले तर त्यातला एकही त्या सभेला गेला नव्हता. मी काय विचार केला ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. माझ्या विहिरीचा ठराव त्याच वहीत होता. माझ्यापुढं बसलेल्याचं घरकुल त्याच वहीत. एकदा ही वही खोटी म्हटली की मागची सगळी पानं कुणीतरी उघडणार. मला वाटतं प्रत्येकजण तेच मोजत होता. सगळे हिरामणकडे असे बघत होते, जणू त्यानं आमच्या घराला काडी लावली.

मैनाबाईनं हात वर केला. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी पायातल्या चपलेकडे पाहत राहिलो.

एकच हात. आराखडा आहे तसा राहिला.

महिन्याभरात हिरामणला कामावरून काढलं. चावी काढून घेतली तेव्हा कमरेचा करगोटा तुटला, असं लोक हसून सांगायचे. मैनाबाईच्या शेळ्या जूनमध्ये सटाण्याचा व्यापारी टेम्पोत घालून घेऊन गेला. तेव्हापासून ती रोज लोकांच्या वावरात असते. माझ्याही. मी रोजंदारी द्यायला गेलो की पैसे घेते, बोलत नाही.

पंधरा ऑगस्टला लाल कांद्याची लागण चालू होती. नवा शिपाई कुंदन मोटरसायकलवर आला. "नाना, इथं ठोका." मी हात झटकले आणि सही करून टाकली. मग त्यानं वही मैनाबाईपुढं धरली आणि पॅड उघडला.

तिनं हात पुढं केला नाही. "सभा कुठं हाय?"

"शाळेत. पण तुम्हाला यायची गरज नाय, मावशी."

"कोन बसलंय तिथं?"

कुंदन हसला. "ग्रामसेवक. आन् तो हिरामण येऊन बसलाय सकाळपासून."

तिनं हातातली रोपं वाफ्यात खाली ठेवली, पदरानं हात पुसले आणि बांधावरून शाळेकडे चालू लागली. वाफा निम्मा राहिला होता. या वेळी मी तिला काही म्हणालो नाही.

"वही आण इकडं," मी कुंदनला म्हणालो. "माझी सही खोडायची हाय."

"असं कसं खोडता येईल, नाना?" तो म्हणाला आणि वही पिशवीत टाकून पुढच्या वावराकडे गेला.