जोड काढलेल्या काठ्या

शिडीला शिडी असं पहिल्यांदा कुणी म्हटलं ते आता कुणालाच आठवत नाही. पण नाव असं चिकटलं की बसच्या आगारात हजेरीच्या फळ्यावरसुद्धा कुणीतरी खडूनं तेच लिहून ठेवायचं. बाई होतीच तशी उंच. बस चालवायची, आणि चालकाच्या जागेवर बसली की तिचा अंबाडा टपाला टेकायचा. लग्नाच्या फोटोत नवऱ्याला स्टुलावर उभं केलंय हे सगळ्यांना माहीत आहे. तो मात्र आजही सांगतो, "स्टूल नव्हतं, गालिचा जाड होता."

अशा बाईला जगातलं काहीच पुरत नाही. सासरी आली तर पलंगाबाहेर पाय. धाकट्या दिरानं दुसऱ्याच दिवशी पलंगाला फळी ठोकून दिली. दीर नळ बसवणारा. हातात करवत, कानावर पेन्सिल आणि तोंडात एकच वाक्य, "वहिनी, त्याला जोड देऊ की!" झाडूला जोड, छत्रीच्या दांड्याला जोड. गणवेशाच्या पँटला खाली सासूबाई पट्टी जोडायच्या. शिडीची वस्तू घरात आली की आधी भावजींकडे जायची, मग तिच्या हातात पडायची. सगळं मायेनंच चाललेलं, त्यामुळे त्यात वावगं काय आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. तिच्याही नाही.

तिच्या बसचा शेवटचा थांबा गोल्फच्या सार्वजनिक मैदानाला लागून होता. दुपारच्या सुट्टीत ती कुंपणाशी डबा खात बसायची आणि आत चाललेला खेळ बघायची. एके दिवशी तिथला गवत कापणारा म्हणाला, "बाई, नुसतं बघून डबा पचतो का? या आत." गेली. मारून पाहिलं, आणि लागलं की वेड! उभ्या जन्मात त्या उंचीचा उपयोग काय, तर माळ्यावरचे डबे काढा, दिवा बदला, जळमटं झाडा. आता पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी हवंसं वाटलं.

नवऱ्याला आठवलं की कै. वडिलांच्या गोल्फच्या काठ्यांची पिशवी माळ्यावर पडून आहे. काढली, पुसली. शिडीनं हात पुढे केला तोवर भावजींनी ती खांद्याला मारलीसुद्धा. प्रत्येक काठीच्या शेंड्यात नळीचा तुकडा घातला, चांगली चार बोटं लांबी वाढवली, वर नव्या मुठी चढवल्या. "घ्या वहिनी! खास तुमच्यासाठी."

पण चेंडू काही सरळ जाईना. मारला की डावीकडे, मारला की डावीकडे, जणू तिकडे त्याचं माहेर. शिकवायला सगळं मैदान पुढे. मान खाली ठेवा, गुडघे वाकवा, दम धरा. शिडीनं सगळं केलं. दमही धरला. चेंडू डावीकडेच.

त्यातच आगाराचा चौघांचा संघ ठरायचा होता. इतर कचेऱ्यांच्या संघांशी सामने होते. तीन गडी ठरले, चौथी जागा रिकामी. बसगाड्यांच्या वेळा लावणारे साहेब कप्तान. ते म्हणाले, "शनिवारी दुपारी या. शेवटच्या खड्ड्यापुढचं तळं एका फटक्यात ओलांडून दाखवा, जागा तुमची. नाहीतर तिकीट तपासनीस तयारच आहे."

तपासनीस हसून म्हणाला, "शिडीबाई, बदकांना आधी कळवा बरं का! मागच्या वेळी बिचारी फार घाबरली."

ते तळं समोर अरुंद आणि डावीकडे ऐसपैस. म्हणजे शिडीच्या चेंडूंसाठीच खणल्यासारखं.

घरी आल्यावर भावजींनी निदान केलं. "काठी कमी पडतेय. अजून दोन बोटं जोडू." शिडीला पटलं. जन्मभर सगळं कमीच पडत आलेलं. ती एक काठी बरोबर घेऊन नव्या मुठी आणायला खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली.

दुकानवाली गोल चेहऱ्याची, चष्मा नाकाच्या टोकावर. तिनं काठी पाहिली, मग शिडीकडे पाहिलं. "ताई, सरळ उभ्या राहा. हात सैल सोडा." मनगटापासून जमिनीपर्यंत तिनं फीत धरली आणि हसायला लागली.

"हसायला काय झालं?"

"अहो, तुम्ही उंच, पण तुमचे हातही तुमच्याइतकेच उंच! मनगट बघा किती खाली येतंय. काठी डोक्यात धरायची नसते, हातात धरायची असते. ही लांब होतेय तुम्हाला."

"लांब?" शिडीच्या आयुष्यात हा शब्द कुठल्याच वस्तूबाबत आला नव्हता. "मला लांब होते?"

दुकानवालीनं काठीच्या तळाला चिकटपट्टी लावली आणि फळीवरून फटका मारायला सांगितला. चरा उमटला तो पार काठीच्या टाचेशी, दांड्याकडच्या टोकाला. "बघा. टाच घासतेय, चवडा वर उचललाय. अशानं काठीचं तोंड डावीकडे वळतं. चेंडू बिचारा काय करील?"

मग तिनं भिंतीशी उभ्या काठ्यांतली एक ओढून हातात दिली. शिडीनं मारली. आवाजच वेगळा आला, स्वच्छ, टक्‌कन. चरा अगदी मधोमध.

"ही कुठल्या खास मापाची?"

"खास कसली? साधी आहे. सगळ्यांना देते तीच."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

शिडीनं आणखी एकदा विचारलं. तिला ते ऐकायलाच गोड लागत होतं.

आता घरी सांगायचं कसं? भावजी नव्या नळ्या कापूनच बसले होते. शिडीनं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "भावजी, जोड काढायचा."

"काढायचा? म्हणजे माझं काम चुकलं?"

"काम चोख आहे. माझं माप घ्यायचं राहिलं."

सासूबाई म्हणाल्या, "अरे, खरंच की! पलंगावर निजली होती तेव्हा तरी मापलंस. या वेळी नुसता तिच्याकडे मान वर करून बघितलंस आणि कापलंस."

"आई, तू गप गं," भावजी म्हणाले. पण उठले. शिडीला उभं करून मनगटापासून फीत सोडली, पुन्हा सोडली, कान खाजवला, आणि करवत हातात घेतली. जोड गेला. सासऱ्यांच्या काठ्या होत्या तशा झाल्या.

शनिवारी सगळं घर कुंपणाशी हजर. साहेब आले, तपासनीस आला, तळ्यात बदकंही आली. शिडी उभी राहिली. खांदे ताठ नाहीत, हात ओढलेले नाहीत. काठी हाताखाली आपसूक टेकली.

"बदकांनो, सांभाळा!" तपासनीस ओरडला.

टक्‌.

चेंडू वर गेला. नाकासमोर गेला. सगळ्यांच्या माना डावीकडे वळायला टपलेल्या, त्या तशाच मधे अडकल्या. तळ्यापलीकडच्या हिरवळीवर तो पडला, एकदा उडाला आणि निवांत बसला.

मग साहेब म्हणाले, "नशीब म्हणायचं की काय?"

"थांबा," शिडी म्हणाली. दुसरा चेंडू ठेवला. टक्‌. तोही पलीकडे, पहिल्याच्या शेजारी.

साहेबांनी टोपी काढली. "बाई, जागा तुमची."

नवरा कुंपणावर चढून शिट्ट्या मारत होता. भावजी तपासनिसाचा हात धरून सांगत होते, "काठ्या बघितल्यात ना? कापल्या मीच!" शिडीला हसू आवरेना. तिनं तिसरा चेंडू ठेवला. मारायची गरज कुणालाच नव्हती. पण आता तिला थांबवणार कोण?